वेदनेचा उतार

दुःख गेलें म्हणजे सुख झालें काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटण्याचा संभव आहे. दांत ठणकावयाचा थांबला कीं माणूस हंसूं लागतो, ताप उतरला कीं त्याला साधी पेजहि गोड लागते, आणि डोक्यावरचें ओझें खालीं टेकलें कीं तोंडून आपोआप 'हुश्श' असा उद्गार निघतो. यावर आणखी विचार तो काय करावयाचा, असें कोणीहि म्हणेल. परंतु या बाबतींत आपल्या भाषेनें जो शब्दसंग्रह जमविला आहे त्याकडे क्षणभर पाहिलें, तर प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं हें ध्यानांत येईल. दुखणेकऱ्याला 'उतार' पडतो, थकलेल्याला 'आराम' मिळतो, काळजींत असलेल्याला 'हायसें' वाटतें, ऋणकोची किंवा कैद्याची 'सुटका' होते, शोकग्रस्ताला 'दिलासा' देतात. आणि अपमानिताला काय मिळतें? त्याच्यासाठीं आपण 'न्याय' या शब्दाकडे वळतों, आणि तो तर मुळीं सुखदुःखाच्या कोशांतला शब्दच नव्हे. या सर्वांचा अर्थ 'दुःखाचा अभाव' एवढाच असता, तर लोकांनीं इतके निरनिराळे शब्द बाळगण्याची यातायात केली नसती.

मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, दुःखें जशीं अनेक जातींचीं तशाच त्यांच्या सुटकाहि अनेक जातींच्या आहेत. आणि एका जातीच्या दुःखाला दुसऱ्या जातीची सुटका लावूं पाहणें हा विचारांतला दोष तर खराच, परंतु पुष्कळदां तो आचारांतला अपराधहि होतो. माझीं उदाहरणें बहुतेक महाड-पोलादपूरच्या टापूंतलीं आहेत. महाड तालुक्यांतलें वीर हें गांव बाहेरच्या प्रवाशाला निदान स्थानकाच्या नांवानें तरी ठाऊक असतें. १९९३ सालीं कोंकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा रोह्याहून तेथवर आला. तत्त्वचर्चेला अथेन्स किंवा काशीच लागते असें नाहीं. जेथें माणसें ओझीं वाहतात, जेथें त्यांना विंचू चावतात आणि जेथें नदी त्यांचीं माणसें घेऊन जाते, तेथें ही चर्चा करावयास सामग्री पुरेशी असते.

जुना पक्ष प्रथम मांडतों. नैयायिकांच्या मतें मोक्ष म्हणजे दुःखाचा आत्यंतिक नाश. त्याहून निराळा आनंद म्हणून तेथें कांहीं नाहीं. मग श्रुतींत 'आनंद' हा शब्द येतो त्याची वाट काय? विश्वनाथ पंचाननानें 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त त्याचें उत्तर ओझ्याच्या दृष्टान्तानें दिलें आहे: भार उतरला म्हणजे माणूस 'मी सुखी झालों' असें म्हणतो, तसाच हा औपचारिक प्रयोग. भर्तृहरीनें वैराग्यशतकांत तहानभुकेचे दाखले देऊन हेंच म्हटलें कीं, व्याधीवरील उपायालाच लोक भ्रमानें सुख समजतात. ग्रीस देशांत एपिक्यूरसनें दुःखाच्या अभावालाच सुखाची परमावधि ठरविलें, आणि फार पुढें जर्मनींत शोपेनहॉअरनें दुःख तेवढें भावरूप व सुख अभावरूप असा निकाल दिला. प्लेटोच्या 'फीडो'मध्यें, ज्या दिवशीं विषाचा प्याला घ्यावयाचा त्याच दिवशीं, पायांतली बेडी काढल्यावर सॉक्रेटीस पाय चोळीत बसतो आणि सुख व दुःख हीं जणूं एकाच मस्तकाला जोडलेलीं दोन धडें आहेत, असें नवलानें म्हणतो. परंतु तोच प्लेटो 'रिपब्लिक'च्या नवव्या भागांत बजावतो कीं, तळच्या पायरीवरून मधल्या पायरीवर आलेल्याला ती मधली पायरीच शिखर वाटते. वेदना थांबण्याला सुख म्हणणारा माणूस त्यांतलाच.

आपल्याकडे या पक्षाचा खरपूस समाचार लोकमान्य टिळकांनीं घेतला. मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'सुखदुःखविवेक' या नांवाचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. तृष्णा हें दुःख आणि तिचें निवारण तेंच सुख, हें त्यांना मान्य नाहीं. मनांत आधीं कसलीहि इच्छा नसतां अवचित लाभलेल्या गोष्टीपासून जें सुख होतें, तें कोणत्या दुःखाचें निवारण मानावयाचें? या सवालाला समर्पक उत्तर दिलेलें माझ्या तरी वाचनांत नाहीं. तथापि टिळकांनीं सिद्ध केलें तें इतकेंच कीं, दुःखनिवारणाहून निराळें असें सुख आहे. खुद्द दुःखनिवारण हें सर्वत्र एकच असतें काय, या प्रश्नांत ते शिरले नाहींत; त्यांना कर्मयोगाकडे जावयाचें होतें, आणि वाटेंत थांबणें त्यांच्या स्वभावांतहि नव्हतें.

विश्वनाथाच्या त्या ओझेकऱ्याला आतां वीरच्या बाजूस आणूं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या गांवांतून सरपण आणण्याचें काम पिढ्यान् पिढ्या बायकांनींच केलें आहे. घरोघर गॅस आल्यावरहि तें सर्वस्वीं थांबलेलें नाहीं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी आणि पायांखालीं उतरणीची वाट. मोळी डोक्यावर चढवावयाला दुसरीचा हात लागतो. उतरवावयाला लागत नाहीं, मान तिरकी केली कीं ती आपल्या भारानेंच खालीं येते. अशा एका बाईविषयीं तीन प्रसंग कल्पावे. एकदां ती अर्ध्या वाटेवर झाडाखालीं मोळी टेकते. एकदां ती घरीं पोंचते आणि अंगणांतल्या भिंतीशीं मोळी टाकते. आणि एकदां जंगलखात्याचा रखवालदार तिला वाटेंत अडवितो व मोळी तेथेंच टाकून जावयास लावतो. तिन्ही वेळां डोक्यावरचा भार सारखाच उतरला. मानेच्या शिरांना मोकळेपणा सारखाच आला. मुक्तावलीकारांच्या हिशेबानें ती तिन्ही वेळां सारखीच 'सुखी' व्हावयास हवी. तशी ती होत नाहीं, हें सांगावयाला नैयायिक लागत नाहीं.

यावर असें म्हणतां येईल कीं, तिसऱ्या प्रसंगीं भाराचें दुःख गेलें तरी सरपण गमावल्याचें दुसरें दुःख उत्पन्न झालें, म्हणून सुख दिसत नाहीं. ठीक. पण दुसऱ्या प्रसंगाचें काय? तेथें पहिल्याहून अधिक असें जें कांहीं आहे, तें कोठून आलें? पहिल्या प्रसंगीं उरलेल्या वाटेची काळजी असते आणि दुसऱ्यांत ती नसते, असाहि एक बचाव होऊं शकेल. परंतु मुळींच डोंगरांत न गेलेली, घरींच बसून राहिलेली शेजारीण घ्या. तिला भाराचें दुःख नाहीं, वाटेची काळजी नाहीं. आणि अंगणांत मोळी टाकणारीच्या चेहऱ्यावर जें असतें तेंहि नाहीं. तेव्हां तें अधिक भार गेल्यानें आलेलें नसून भार वाहून नेल्यानें आलेलें आहे, असें म्हणणें प्राप्त होतें. वेदना येथें कामाच्या पोटांत शिरलेली आहे. ती काढून घेतली तर सुटकेचें सुखहि तिच्याबरोबर निघून जातें. रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे, आणि तरीहि हजारावर पायऱ्या चढून, घामानें निथळत वर जाणारे थोडेथोडके नाहींत. त्यांना मूर्ख ठरवावयाचें नसेल, तर वेदनेची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या शास्त्रानें आपला हिशेब पुन्हां तपासावा हें बरें.

किंबहुना निव्वळ शारीरिक वेदनेच्या प्रांतांतहि हा हिशेब जुळत नाहीं. १९९३ सालीं डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनीं एक हात साठ सेकंद बोंचऱ्या थंड पाण्यांत धरावयाचा. दुसऱ्या खेपेस तेवढाच वेळ तेवढ्याच थंड पाण्यांत, आणि वर आणखी तीस सेकंद, मात्र त्या अवधींत पाणी किंचित् कोंबट होत जाई. दुसऱ्या खेपेंत एकूण वेदना उघडच जास्त. पण यांतली कोणती खेप पुन्हां कराल असें विचारतां बहुसंख्यांनीं दुसरीच पसंत केली. शेवट थोडा सौम्य झाला, एवढ्यानें मनानें सगळा जमाखर्च फिरविला. शरीरशास्त्रज्ञ सांगतात कीं, सुटका ही नुसती वेदनेची अनुपस्थिति नसून मज्जासंस्थेचा तो एक स्वतंत्र व्यापार आहे. मेल्झॅक व वॉल यांनीं १९६५ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, वेदनेचा निरोप मेंदूकडे जावयाच्या आधीं पाठीच्या कण्यांत त्याला एक दार लागतें, आणि स्पर्शाच्या दुसऱ्या निरोपांनीं तें दार अंशतः लोटतां येतें. मुलाच्या टेंगळावर हात चोळणाऱ्या आईला हें दार ठाऊक नसलें तरी त्याची कडी तिला सांपडलेली असते. महाडजवळ सव येथें गरम पाण्याचे झरे आहेत. सांधे धरलेलीं म्हातारीं माणसें तेथें जाऊन बसतात तीं वेदनेचा अभाव भोगावयास नव्हे, तर ऊब भोगावयास. ऊब ही स्वतःच कांहीं एक आहे.

आतां दुःखांच्या वर्गवारीकडे वळतों. महाड तालुक्यांतच शिवथरची घळ आहे. समर्थ रामदासांनीं दासबोध तेथें सांगितला अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकांत आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा तीन तापांचें तीन समासांत वर्णन आलें आहे, आणि त्यांतली रोगांची यादी वाचतांना वैद्यानेंहि मान डोलवावी. ही वर्गवारी सांख्यांपासून चालत आलेली. तिचें तत्त्व असें कीं, दुःख कोठून आलें तें पाहावें: आपल्याच देहामनांतून, इतर भूतांपासून, कीं दैवापासून. ही विभागणी उगमावरून केलेली आहे. मला ती उतारावरून करावीशी वाटते. कारण उगम एक असून उतार अगदीं भिन्न असूं शकतो. विंचवाचा दंश आणि शेजाऱ्यानें केलेला पाणउतारा हीं दोन्ही आधिभौतिकच, दोन्ही दुसऱ्या प्राण्यापासून आलेलीं. परंतु एकाची सुटका दुसऱ्याला लावून पाहा म्हणजे तफावत दिसेल.

विंचवाचें नांव मीं उगाच घेतलेलें नाहीं. या बाजूच्या गडग्यांत, लांकडांच्या ढिगांत आणि भाताच्या पेंढ्यांत लाल विंचू असतो, आणि त्याच्या दंशानें, विशेषतः मुलें, पूर्वीं मोठ्या संख्येनें दगावत. 'विंचू उतरविणारे' गांवोगांव असत. त्यांच्या विद्येचा पाया एका साध्या अनुमानावर होता: वेदना उतरली म्हणजे विष उतरलें. पुष्कळ दंशांत ठणका कांहीं तासांनीं आपोआपच कमी होतो, त्यामुळें मंत्राला यशहि येई. महाडनजीकच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, आणि त्यांनीं दंश झालेल्या रोग्यांच्या उशाशीं बसून जें टिपून ठेवलें त्यानें हें अनुमान उलटें पडलें. दंशाच्या जागीं असह्य आग आहे, रोगी ओरडतो आहे, पण बाकी शरीर शांत आहे, तर ती बाधा सौम्य प्रतीची. उलट दरदरून घाम, वांत्या, हातपाय गार पडणें हीं लक्षणें दिसूं लागलीं, तर दंशाची जागा फारशी दुखत नसली तरी हृदय आणि फुफ्फुसें धोक्यांत आहेत असें समजावें. हीं लक्षणें त्यांनीं १९८२ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत मांडलीं; रक्तदाबावरचें 'प्राझोसिन' हें औषध या विषबाधेवर कसें लागूं पडतें, तें १९८६ मध्यें त्याच नियतकालिकांत आलें. गंभीर बाधा झालेल्यांतील मृत्यूंचें प्रमाण या उपचारानें अगदीं खालीं आलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली; ती उशिरांच मिळाली असें माझें मत आहे.

तत्त्वचिंतकाच्या दृष्टीनें यांतली लक्षणीय गोष्ट अशी कीं, प्राझोसिन हें वेदनाशामक नव्हे. तें रोग्याचा जीव वांचवितें, त्याचा ठणका थांबवीत नाहीं. आणि दंशाची जागा बधिर करणारी सुई ठणका थांबविते, जीव वांचवीत नाहीं. एकाच नांगीच्या एकाच दंशाला दोन उतार लागतात, आणि त्यांपैकीं जो सुखकर तो तारक नव्हे. दुःखाचा अभाव तेंच सुख व तेंच श्रेय, असें मानणारा माणूस या रोग्याच्या उशाशीं असता, तर मूल शांत झालें म्हणून तो घरीं निघून गेला असता. कित्येक बाप पूर्वीं असे निघून गेलेहि असतील. त्यांचा दोष नव्हे, त्यांना उतार एकच ठाऊक होता.

येथें एक फरक नोंदवून ठेवतों. मोळीच्या वेदनेंतून सुटकेचें सुख निघतें आणि त्या सुखाची आठवण पुढच्या मोळीला उपयोगी पडते. विंचवाच्या वेदनेनंतरहि हायसें वाटतेंच. तथापि त्या हायसेपणासाठीं पुन्हां एकदां विंचू चावून घ्यावा असें कोणाला वाटल्याचें ऐकिवांत नाहीं. बाहेरून आलेली, अर्थहीन वेदना सुटली म्हणजे माणूस जेथें होता तेथें परत येतो, पुढें जात नाहीं. मिरचीचा ठेचा खाणाऱ्याची गोष्ट या दोहोंच्या मधली: आग खरी, डोळ्यांतलें पाणी खरें, पण ती आग आपणच लावलेली व आपणच विझवूं शकूं अशी खात्री असलेली. करुणरसापासून आनंद कां होतो, या प्रश्नावर मराठी टीकाकारांनीं जी शाई खर्ची घातली, १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत न. चिं. केळकरांनीं 'सविकल्प समाधी'ची उपपत्ति मांडल्यापासून तर विशेषच, तिचा बराच भाग या ठेच्याच्या वाटीपाशीं सुकला असता असें मला कधीं कधीं वाटतें. परंतु तो विषय निराळा.

याहून बिकट प्रकार आतां येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाड व पोलादपूर यांच्या दरम्यान मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरील ब्रिटिशांच्या काळचा पूल पुरांत वाहून गेला, आणि त्याबरोबर एस. टी.च्या दोन गाड्या व इतर वाहनें गेलीं. पुढचे कित्येक दिवस शोध चालला होता. नदीनें कांहीं देह खाडींत फार दूरवर नेले होते. काठावर नातलग बसून होते. त्यांची वेदना मृत्यूच्या दुःखाची म्हणावी, तर मृत्यु अद्याप सिद्ध झालेला नव्हता. आशा म्हणावी, तर ती दर तासाला कमी होत होती. देह सांपडला कीं त्या वेदनेला उतार पडे. माणसें त्या वेळीं खरोखरच 'सुटलों' असें म्हणतात, आणि तें म्हणतांना त्यांचा कंठ दाटून येतो. येथें एक वेदना संपली हें निश्चित, संदेहाची. तिच्या जागीं जी आली ती कमी आहे असें कोण म्हणेल? आणि तरीहि ज्यांना देह मिळाला नाहीं ते, ज्यांना मिळाला त्यांना भाग्यवान समजत. सुखदुःखाची एकच तराजू घेऊन बसणाऱ्याला या वाक्यांतला 'भाग्यवान' हा शब्द कधींच तोलतां येणार नाहीं. मनुष्याला सुखापूर्वीं आणखी कांहीं हवें असतें. आपलें दुःख कोणतें तें तरी निश्चित कळावें, ही त्यांतली एक मागणी आहे.

आणि एकदां तें कळल्यावर जो शोक सुरू होतो, त्याचा उतार तर माणसाला पुष्कळदां नकोच असतो. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये या गांवावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसें तिच्याखालीं गेलीं. अशा वेळीं धान्य, वस्त्रें, रक्कम, घर हीं द्यावींच लागतात, आणि तीं देण्यांत जितकी दिरंगाई तितकें पाप. सरकारदरबारीं या खात्याला 'मदत व पुनर्वसन' म्हणतात, आणि हे शब्द मला प्रामाणिक वाटतात. त्यांत दुःखनिवारणाचा दावा नाहीं. मुलगा गेलेल्या आईला, त्याची आठवण समूळ पुसून टाकणारें एखादें औषध देऊं केलें, तर ती तें घेईल काय? दांतदुखीचा रोगी असें औषध तत्काळ घेतो. शोक करणाराला आपण पहिल्यांदा हंसलों त्या क्षणीं चोरी केल्यासारखें वाटतें. म्हणजे या वेदनेच्या अंगीं ओझ्यासारखा हेतु नाहीं, दंशासारखी निरर्थकताहि नाहीं. गेलेल्याशीं असलेला संबंध आतां या एकाच रूपानें उरला आहे, म्हणून ती धरून ठेवावीशी वाटते. शेजारीण पिठलेंभाकरी घेऊन येते आणि चार घांस खावयास लावते, तिला हें शिकवावें लागत नाहीं. ती भुकेला उतार देते आणि शोकाला हात लावीत नाहीं. याच्या उलट, 'आतां पैसे मिळाले, घर मिळालें, झालें गेलें विसरा' असें म्हणणारा कांहीं खोटें बोलत नसतो. पण त्यानें दुसऱ्याच दुखण्याचें औषध आणलेलें असतें, आणि तें घेतलें नाहीं म्हणून तो रागावतो.

हाच प्रमाद याहून मोठ्या प्रमाणावर, आणि याहून कमी निष्पापपणें, महाड शहरांत घडलेला आहे. मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावे असा ठराव केला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांना खुलें असल्याचें ठरविलें. ठराव कागदावर राहिला. पुढें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, वीरच्या शेजारच्या दासगांवशीं निकट संबंध असलेले रा. बा. मोरे तिच्या प्रमुख संयोजकांपैकीं होते, आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह त्या तळ्यावर गेले व ओंजळीनें पाणी प्याले. नंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि पंचगव्य ओतून तळें 'शुद्ध' करून घेण्यांत आलें.

आतां तहान ही वेदना घेऊं. भर्तृहरीच्या दाखल्यांतली ती पहिलीच. ती पाण्यानें भागते, आणि कोणत्याहि पाण्यानें भागते. ज्यांनीं त्या दिवशीं ओंजळ भरली, ते त्यापूर्वीं पाण्यावांचून जगले नव्हते. दूरचें, गढूळ, अपुरें, पण पाणी त्यांना मिळत होतेंच. 'तुम्हांला पाणी हवें ना? मग दुसरीकडे सोय करून देऊं', असें म्हणणारे दयाळू लोक तेव्हांहि होते आणि त्यांच्या दयेंत खोट होती असें मी म्हणणार नाहीं. परंतु डिसेंबर १९२७ मध्यें महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेंत आंबेडकरांनीं हा मुद्दा निःसंदिग्ध शब्दांत उलगडला: त्या तळ्याचें पाणी प्याल्यानें आपण अमर होणार आहों असें नव्हे, आजवर तें न पितां आपण मेलों नाहीं, आपण तेथें जातों तें इतरांसारखींच आपणहि माणसें आहों हें सिद्ध करण्याकरितां. तहानेची सुटका आणि अपमानाची सुटका यांची इतकी स्वच्छ फोड मला कोणत्याहि नीतिशास्त्राच्या ग्रंथांत आढळलेली नाहीं. विरुद्ध पक्षालाहि ती अचूक कळली होती; नाहींतर ज्या पाण्याची एक ओंजळ कमी झाली, त्यांत त्यांनीं पंचगव्य कशाला ओतलें असतें?

बेंथमनें १७८९ च्या आपल्या ग्रंथांत सुखदुःखें मोजावयाचीं परिमाणें दिलीं: तीव्रता, अवधि, निश्चितता, सामीप्य वगैरे. शिकवावयास तीं फार सोयीचीं पडतात, म्हणून आम्ही प्राध्यापक त्याला सोडीत नाहीं. त्या परिमाणांनीं चवदार तळ्याचा हिशेब केला तर काय निघतें तें पाहावें. एका बाजूस उन्हांत चालत जाणाऱ्या हजारोंचे श्रम, नंतर डोक्यांत बसलेल्या काठ्या, आणि मिळकत म्हणून ओंजळभर पाणी, ज्याची कोणाला त्या घटकेस कदाचित् तहानहि नसेल. हिशेब तोट्यांतच निघणार. मिल्लनें पुढें सुखांत उच्चनीच प्रत मानून गुरूची चूक सांवरण्याचा यत्न केला. परंतु दुःखांतहि प्रतीचा नव्हे तर जातीचा भेद आहे, आणि जातीप्रमाणें औषध निराळें आहे, हें तोहि मोकळेपणीं म्हणत नाहीं.

अपमानाच्या वेदनेचें वैशिष्ट्य असें कीं, ती सोसणाराला बधिर करून थांबवितां येते. पिढ्यान् पिढ्या ती तशी थांबविलीहि गेली. 'हें आपलें प्राक्तन' ही त्या कामीं वापरलेली सुई. ठणका थांबला, विष चढत राहिलें. मग कोणी तरी ती बधिरता उतरविली आणि माणसें ओरडूं लागलीं, तेव्हां भोंवतालच्या लोकांना वाटलें कीं यांना आजच दुखूं लागलें, हें ओरडायला लावणाऱ्याचें काम. बिरवाडीच्या दवाखान्यांतल्या नोंदीप्रमाणें ओरडणारा रोगी हा जगणारा रोगी असतो, हें त्यांच्यापैकीं पुष्कळांना ठाऊक नव्हतें.

तळ्याचा दावा न्यायालयांत नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तळ्यावर पाणी भरण्याचा अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. त्या निकालानें काय उतरलें? भार उतरला असें म्हणावें, तर मोळीवाल्या बाईसारखा तो कोणी आपखुषीनें डोक्यावर घेतलेला नव्हता. हरवलेलें सांपडलें असें म्हणावें, तर जें सांपडलें तें कधीं हातांत आलेंच नव्हतें. मी वर दिलेल्या शब्दांपैकीं एकहि शब्द येथें नीट बसत नाहीं, आणि मराठींत तो अद्याप घडलेला नाहीं. दरसाल २० मार्चला दूरदूरचीं माणसें महाडला येतात. त्यांतील पुष्कळांचा जन्म त्या निकालाच्या कितीतरी दशकांनंतरचा असतो, आणि पाण्याची बाटली प्रत्येकाच्या पिशवींत असते. तीं कोणत्या वेदनेचा उतार शोधावयास येतात, हें ज्याला जाणून घ्यावयाचें असेल त्यानें त्यांनाच विचारावें. वैराग्यशतकांत त्याचा पत्ता लागणार नाहीं.